देणगीदार क्रमांक तीन

ता. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी बस. उभ्याने वाचू नकोस, आणि हातात कात्री, ट्रे, जे काही असेल ते खाली ठेव.

तुमच्या प्रसूती वॉर्डला कुलूप लावा म्हणून गावभर पत्रकं वाटणारा तो ‘काटकसर मंच’. तीन महिने तुझ्या प्रत्येक पत्रात तू त्याच्या नावाने बोटं मोडतेस. त्या मंचाला राजकीय संस्था म्हणून करमाफी आहे. पण करमाफी फुकट मिळत नाही. ठरावीक रकमेच्या वर ज्याने देणगी दिली त्याचं नाव, व्यवसाय आणि रक्कम संस्थेला आमच्या कचेरीत लेखी द्यावी लागते. यादी आली की मी तिच्यावर शिक्का मारते, ओळन् ओळ तपासते आणि दहाव्या दिवशी वाचनकक्षातल्या भिंतीलगतच्या टेबलावर ठेवते. कुणीही यावं आणि वाचावं.

ताई, या यादीत देणगीदार क्रमांक तीन तू आहेस. तुझं पूर्ण नाव, पुढे ‘परिचारिका, प्रसूती विभाग’, आणि त्यापुढे दोन लाख. मी तीनदा वाचलं. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनांनी पाणी आणू का म्हणून विचारलं, तेव्हा मला कळलं की मी खुर्ची सोडून उभी राहिले आहे.

यादी खुली होण्याआधी बाहेर एक अक्षर बोलणार नाही, अशी आमची सही घेतलेली असते. त्यामुळे नऊ दिवस हे पोटात ठेवलं. आज सकाळी दहाला यादी टेबलावर गेली आणि पाच मिनिटांत मी कागद पुढे ओढला. फोन उचलला होता, पण जीभ रेटेना. येत्या रविवारी तुझी सभा, त्यापुढच्या रविवारी वॉर्ड ठेवायचा की बंद करायचा याचं गावाचं मतदान. लोक काय म्हणतील? आणि तू दिले असलेस, तर का गं?

लोभ आहेच, तो या आठवड्यापुरता जरा जास्तच असू दे.

तुझी,
ठमी


ता. ११ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

दोन लाख! माझ्या हातून दोनशे सुटताना घरातली भांडीसुद्धा वळून बघतात, असं तूच ना गं म्हणतेस? मी दिले का, हे विचारायला तुझा हात धजावला कसा? आणि नऊ दिवस! म्हणे सही केली आहे. तुझा जन्म झाला तेव्हा नर्सच्या हातून तुला पहिल्यांदा मी घेतलं होतं, त्याची काही सही नाही म्हणून ते वाया गेलं वाटतं. असो. राग ओकून टाकला, आता बरं वाटतंय.

तुझं पत्र यायच्या आधीच यादी इथे पोचली होती. कुणीतरी तिचा फोटो छापून वॉर्डाच्या दारावर चिकटवला, आणि तोही आमच्याच सलाईनच्या पट्टीने. सकाळपाळीच्या सिस्टरने माझ्याकडे न बघता किल्ल्या टेबलावर सरकवल्या. चार नंबरच्या खाटेवर जुळ्यांची आई आहे. परवा सहा तास तिचा हात माझ्या हातात होता. आज तिने दुसऱ्या कुणाला पाठवाल का म्हणून विचारलं. तिच्या एका बाळाला टोपी घालायला मी पुढे झाले, तर तिने बाळ जवळ ओढून घेतलं. ठमे, तीस वर्षांत माझ्याशी असं कुणी वागलं नव्हतं. मी कपाटामागे जाऊन ढसाढसा रडले.

हा खोटेपणा आहे, दुसरं काही नाही. मला सभेआधी गप्प करायचा डाव आहे. रविवारी मी यादी भर सभेत वाचणार आणि एकेकाची हजेरी घेणार. ह्यांना कागद दाखवला. उठले आणि गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत बसले. सकाळीच घातलं होतं, सगळी गॅलरी चिखल झाली. बिचारे माझ्याहून जास्त हादरलेत.

तुझ्यावरचा लोभ शाबूत आहे, सध्या रागाच्या मागे उभा आहे इतकंच.

तुझी,
ताई


ता. ११ मार्च

चि. ठमाबाईंस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या ताईला न सांगता लिहितो आहे. पैसे मी दिले.

निवृत्तीचे आलेले पैसे आमच्या दोघांच्या खात्यात होते. त्या खात्यावर पहिलं नाव तिचं आहे. लग्नानंतर महिन्याभरात ते उघडलं, तेव्हा बँकेतले साहेब हसले तरी मीच हट्टाने तिचं नाव आधी घातलं होतं. मंचाने चेकवरचं पहिलं नाव उचललं आणि व्यवसाय त्यांना अख्ख्या गावाप्रमाणे ठाऊकच होता. करमाफीची संस्था म्हणजे धर्मादाय पेटीसारखी, टाकणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही, असं मी धरून चाललो. पाणीखात्यात जन्मभर मीटर वाचले, पण अर्जामागची बारीक अक्षरं वाचली नाहीत.

का, ते तुला सांगतो. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. ती दमून येते आणि बसल्या बसल्या झोपते. सुट्टी असली तरी कुणाची वेळ भरली म्हणून बोलावणं येतं. मी एकटा जेवतो. आता पुरे, थांब, असं तिला म्हणायची माझी हिंमत झाली नाही. वाटलं, वॉर्डच बंद झाला, तर मला काही बोलावंच लागणार नाही.

तू त्या कचेरीत आहेस. तेवढं तिचं नाव यादीतून काढ. वाटलं तर ओळच काढ. तिला कळू देऊ नकोस, एवढी भीक घाल.

आजवर होता तेवढा लोभ उरला असेल, तर तो राहू द्यावा.

तुझे,
भावोजी


ता. १२ मार्च

ती. भावोजींना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं. तुम्ही? मला सायकल शिकवताना पडले ते मी आणि रडले ते तुम्ही. त्या माणसाने हे केलं, यावर अजून विश्वास बसत नाही.

ओळ काढता येणार नाही, आणि आली असती तरी मी काढली नसती. त्या यादीवर माझा शिक्का आहे. दुरुस्ती मात्र होते. सोबत दुरुस्तीपत्र जोडलं आहे. त्यावर पैसे देणाऱ्याचं खरं नाव आणि खरी सही लागते. ते आलं की यादीशेजारी त्याच टेबलावर उघडं ठेवावं लागेल, त्यामुळे लपून काहीच राहणार नाही.

रविवारी ती चारशे माणसांपुढे मी दिले नाहीत म्हणून ओरडणार, आणि कुणीही तिचं खरं मानणार नाही. त्याआधी तिला सांगा. नाही सांगितलंत, तर सोमवारी मी सांगेन. तुमच्यावर रागवायची मला सवय नाही, म्हणून हे पत्र कोरडं वाटेल.

लोभ कमी झालेला नाही, घाबरला आहे.

तुमची,
ठमी


ता. २२ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

निकाल तुला कळलाच असेल. दोनशे अकरा मतांनी वॉर्ड राहिला. पण मला लिहायचंय ते सभेचं.

मी यादी वाचायला घेतली. पहिलं नाव, दुसरं नाव, आणि तिसरं माझं. सभागृहात हुर्यो सुरू झाली. तेवढ्यात मागच्या बाकावरून हे उठले. मला वाटलं, बरं वाटत नसेल, बाहेर जायचं असेल. ह्यांनी खिशातून तुझ्या दुरुस्तीपत्राची नक्कल काढली, वर धरली आणि सांगितलं की चेक माझा, सही माझी, बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं. कुणीतरी का म्हणून ओरडलं. ती घरी यावी म्हणून, एवढंच म्हणाले आणि खाली बसले. ठमे, माझ्या कानात नुसती शिटी वाजत होती. पुढे सभेत काय झालं, ते मला दुसऱ्यांकडून कळलं. जुळ्यांची आई घरी येऊन माफी मागून गेली, तीही मला धड ऐकू आली नाही.

आठवडाभर मी ह्यांच्याशी बोलले नाही. काल संध्याकाळी निकाल लागला, लोक पेढे देऊन गेले, आणि मी दार लावून ह्यांच्यासमोर बसले. म्हटलं, जे गावाकडून वदवून घ्यायला निघाला होतात, ते आता स्वतःच्या तोंडाने मला म्हणा. पाऊण तास गेला. शेवटी खाली बघत म्हणाले, थांब.

मी म्हटलं, नाही.

त्यावर हा माणूस माझ्यावर ओरडला. तीस वर्षांत पहिल्यांदा, शेजारच्यांनी खिडकी उघडली इतक्या मोठ्याने. किती रविवार, किती वाढदिवस, किती वेळा गार झालेलं जेवण, सगळं तारखांसकट. मीही ओरडले. काहीच ठरलं नाही. मी थांबणार नाही आणि ह्यांचा राग जाणार नाही. पण ठमे, एवढं सगळं ह्यांच्या आत होतं आणि रोज शेजारी बसून मला ते कधी कळलं नाही, या धक्क्यातून मी अजून बाहेर आलेली नाही.

लोभ ठेव, आणि तोही मोठ्याने.

तुझी,
ताई