न भांडणारा मासा

४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. बाबांना खोलीत फिश टँक हवाय, तोही खाऱ्या पाण्याचा, आणि त्यात कोणते मासे एकत्र नांदतील हे तू मला विचारतेस! कॉलेज अर्धवट टाकून माशांच्या दुकानात नोकरी धरली म्हणून ज्या पोराशी त्यांनी बोलणं सोडलं, त्याच पोराची नोकरी शेवटी कामाला आली. हे त्यांना माझ्यातर्फे ठणकावून सांग. नको, सांगू नकोस. बाहीच्या अर्ध्या इंचावरून जन्मभर गिऱ्हाइकांशी भांडलेला टेलरमास्तर तो, मला उभा-आडवा बेतून काढेल.

आता कामाचं. टाकी लहान असली की चूक मोठी होते. समुद्रातला मासा पाहुणा म्हणून राहत नाही, जागेचा मालक होतो. म्हणून दोन-तीन मासे, बस. नारिंगी पट्ट्यांच्या क्लाऊनफिशची जोडी घे, पण एक मोठा, एक लहान. मोठा असतो तो मादी होतो. दोन्ही सारखे थोराड घेतलेस तर दोघांनाही घरातली मोठी बाई व्हायचं असतं आणि एकाचा जीव जातो. हसू नकोस, खरंच आहे हे. वाळूत बीळ करून राहणारा एखादा गोबी चालेल, तो आपलं आपण बघतो. निळा डॅमसेल मात्र उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस. दिसायला राजबिंडा, पण भाडेकरू म्हणून येतो आणि घर बळकावतो. काल दुकानात एकाने नव्या माशाच्या शेपटीच्या चिंध्या केल्या. मालक म्हणाले, हा तुझा सख्खा भाऊ शोभतो. आणि घाई करू नका. आधी महिनाभर नुसतं पाणी आणि समुद्रातले दगड ठेवा, मग मासे.

तिचं विचारलंस. ती बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात पावत्यांच्या टेबलाशी बसते. दुकानाला बर्फ एकदा लागतो, मी तीनदा जातो. ती पावती फाडते, मी तिच्या बोटांकडे बघतो. तिची इथे बदली झाली म्हणून मी शहर सोडलं, कॉलेज सोडलं, हे तिला माहीत आहे. कौतुक नाही.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवलास तर माझी हरकत नाही.

तुझा,
भडकू


२० मार्च

चि. भडकूस,
अ. उ. आ.

काय रे, बर्फवाली वितळली का? एवढा बर्फ नेतोस, एक दिवस दुकानातले मासे गारठून मरतील आणि मालक तुला टाकीत सोडतील.

आमची टाकी बाबांच्या खोलीत, शिलाईमशीनच्या शेजारी बसली. तू म्हणालास तसं महिनाभर नुसतं पाणी फिरवलं. मग बाबा स्वतः दुकानात गेले. तुझं सगळं त्यांना वाचून दाखवलं होतं, तरी क्लाऊनच्या जोडीबरोबर एक भलताच मासा घेऊन आले. मँडरिन म्हणतात त्याला. निळ्या अंगावर नारिंगी वेलबुट्टी, जणू कुणी बसून भरतकाम केलंय. कापडवाल्याचा डोळा तो, भुलणारच. दुकानदाराला एकच विचारलं म्हणे, हा भांडतो का? तो म्हणाला, हा कुणाच्या अध्यात ना मध्यात. बाबा म्हणाले, मग हाच द्या.

खरं सांगू, बाबाही आता तसेच झालेत. आई गेल्यावर ते घर आवरून इथे आले तेव्हा मला धास्ती होती, जावई आणि सासरे एका छपराखाली कसे राहणार. पण एक शब्द नाही. आमटी अळणी असली तरी मुकाट जेवतात. मला पाचवा लागलाय. मागच्या दोन वेळचं तुला माहीतच आहे, म्हणून डॉक्टरांनी या खेपेला पलंगाला बांधून ठेवलंय. धक्का बसेल असं काही कानावरही यायला नको म्हणे. घरात सगळे हळू बोलतात. मला त्रास नको म्हणून बाबा आपलं ताट आपणच वाढून खोलीत नेतात. दुपारी मशीनचा आवाज येतो. जुन्या विजारी, सदरे सगळं कमरेत आत घेतायत. म्हणतात, ढगळ कपड्यांचे दिवस गेले. हे म्हणाले, सासरेबुवा या वयात नवरदेव दिसायला लागले!

तू बाबांना चार ओळी लिही ना. लोभ आहेच, तो काय सांगायला हवा?

तुझी,
ताई


२७ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मासा परत दे. आजच्या आज भाऊजींना पाठव.

त्या दुकानदाराला माझ्यासमोर उभा करा, त्याच्या नरड्यात मीठ कोंबतो. मँडरिन भांडत नाही हे खरं, पण तो जेवतही नाही. वरून टाकलेलं खाणं तो तोंडात घेत नाही. जुन्या दगडांवर डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव वाढतात, तेवढेच वेचून खातो. लहान नव्या टाकीत ते थोड्याच दिवसांत संपतात. मग दुसरे मासे जेवत असताना हा शांतपणे हिंडत राहतो आणि सगळ्यांना वाटतं, किती गुणी! समोरून रंग तसाच दिसतो. वरून बघ. पाठ धारदार झाली असेल, पोटाला खळगा पडला असेल, तर तो उपाशी मरतोय. मासे निवडताना लोक एवढंच विचारतात, कोण कुणाला चावतो. कोण काय खातो हे कुणी विचारत नाही. मीही तुला ते लिहिलं नाही.

इथवर लिहून बर्फ आणायला गेलो होतो. परत येऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि विजारींपाशी अडकलो. ताई, बाबांनी फॅशनपायी कधी एक टाका उसवलाय का? फॅशन सांगणाऱ्या गिऱ्हाइकांना ते पायरीवरून हाकलायचे. विजार आत घ्यायची ती एकाच कारणाने, माणूस वाळला म्हणून. अंगाबरोबर कपडेही बारीक होत गेले तर वाळलेला माणूस दिसणार कसा? आणि ते ताट खोलीत जाऊन रिकामं कुठे होतं? त्यांना काट्यावर उभं कर. बाप डोळ्यांदेखत झिजतोय आणि तू शांत आहेत, शांत आहेत म्हणून मिरवतेस!

उत्तर ताबडतोब पाठव. लोभाचं नंतर बघू.

भडकू


५ एप्रिल

चि. भडकूस,
आशीर्वाद.

मी माझ्या बापाला उपाशी ठेवते, असंच ना? लिही की स्पष्ट.

तुझं पत्र मी बाबांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. ते हसले. माझ्या पलंगासमोर उभे राहून, गिऱ्हाईक आरशापुढे फिरतं तसे गिरकी घेऊन फिरले आणि म्हणाले, बघ, कुठे सुरकुती आहे का? दात हलतात, बायको गेलेल्या माणसाला भूक बेताचीच लागते, आणि तुझ्या भावाला आग लावायला घर लागतंच. मासा परत घ्यायला दुकानदार तयार नाही.

ते वाचून झाल्यावर माझ्या पोटात कळ आली. ह्यांना अर्ध्या कामावरून पळत यावं लागलं, डॉक्टर घरी आले. आता बरं आहे. पण असली पत्रं यापुढे माझ्या हातात द्यायची नाहीत असं ह्यांनी ठरवलंय, आणि या वेळी मी ह्यांच्या बाजूने आहे. आई नळ्या लावून पडली होती तेव्हा तू कुठे होतास रे? बर्फ आणत होतास.

लोभ आहे, पण सध्या कपाटात ठेवलाय.

ताई


१२ एप्रिल

चि. भडकूस,
अनेक आशीर्वाद.

माझं अक्षर बघून दचकू नकोस. तू परीक्षा पास झालास. माप बरोबर घेतलंस.

तो मासा काल गेला. तुझ्या ताईला सांगितलं, दगडाआड लपलाय.

माझं थोडक्यात सांगतो. घट्ट काही घशाखाली उतरत नाही. पातळ उतरतं, तेही आता अडखळतं. इथल्या एका डॉक्टरकडे एकटाच जाऊन आलो. तो म्हणाला, आत दुर्बीण घालून तुकडा काढून तपासू. मी म्हटलं, ऑगस्टनंतर बघू. कापड कुठे विरलंय हे आमच्या बोटांना कात्रीच्या आधी कळतं, त्याला दुर्बीण लागत नाही.

तुझ्या आईला नळ्या लागल्या तेव्हा ताई रात्रंदिवस उशाशी बसली, आणि त्यातच तिचं दुसरं गेलं. ते त्या जागरणांनी गेलं, हे तुला कुणी सांगितलं नाही. आता मी आडवा पडलो तर ती पलंगावर थांबायची नाही, माझ्या मागे धावेल. ते पोर जगात येऊ दे. मग तुम्ही म्हणाल त्या डॉक्टरकडे येतो, म्हणाल तिथे तोंड उघडतो.

तू इकडे येऊ नकोस. तुझ्या तोंडावर सगळं छापलेलं असतं, ती दारातच वाचेल. भांडू नकोस, कळवू नकोस. कॉलेज सोडलंस तेव्हा तू मला विचारलं नव्हतंस. मी तुला विचारतोय. एवढं एक माझ्या मापाने कर.

मायाळू आहेसच, आता जरा घट्ट हो.

तुझे,
बाबा


२० एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दुकानाच्या मागच्या खोलीत, मिठाच्या गोण्यांवर बसून वाचलं. पहिल्यांदा मनात आलं, तसाच उठून गाडी पकडावी, तुम्हाला खांद्यावर टाकावं आणि दवाखान्यात नेऊन आपटावं. चपलाही घातल्या होत्या. मग शेवटच्या ओळी पुन्हा वाचल्या.

आजवर तुम्ही मला काही विचारलं नव्हतं. शाळा कुठली, विषय कुठला, सदऱ्याचा रंगसुद्धा तुम्हीच ठरवलात. म्हणून चपला काढून ठेवल्या. बाबा, मी गप्प बसतो. ताईचं दुसरं आईच्या उशाशी बसून गेलं, हे मला खरंच माहीत नव्हतं. तिला या वेळी माझ्या तोंडून काही लागणार नाही, शब्द देतो. तिला पत्र लिहीन त्यात फक्त हवापाणी असेल.

पण तुम्हीही शब्द द्या. पातळ तर पातळ, पण पोटभर घ्या. पेज, दूध, काहीही, पण तासातासाला घ्या. आणि मशीनवर बसून आणखी काही आत घेऊ नका. राहू दे ना थोडं ढगळ.

कृपा असावी असं आजवर नुसतं पाठ म्हणून लिहायचो. आज खरंच मागतो.

आपला,
धाकटा


२९ ऑगस्ट

वर काही लिहिलेलं नाही. चिरंजीव लिहायला हात उचलला नाही.

मुलगी झाली. सुखरूप आहे, ओरडून घर डोक्यावर घेते. हे लिहिताना मला आनंद व्हायला हवा होता.

बारशाआधीच बाबा मशीनपाशी कोसळले. ह्यांनी उचललं तेव्हा ह्यांचे डोळेच भरून आले. म्हणाले, अगं, यांना काही वजनच नाही. मोठ्या दवाखान्यात डॉक्टर मला विचारत होते, कधीपासून गिळता येत नाही. मी म्हणत होते, छे हो, कालपर्यंत जेवत होते. शेवटी बाबाच हळूच म्हणाले, धाकट्याला माहीत आहे, त्याला विचारा. सगळ्यांसमोर म्हणाले. नर्ससमोर, ह्यांच्यासमोर.

अन्ननळीतली गाठ आता श्वासनळीला चिकटलीय. एप्रिलमध्ये आला असतात तर कापून काढायचा विचार करता आला असता, असं डॉक्टर म्हणाले. आता पोटात नळी घालून घरी पाठवलंय. आवाज जवळजवळ गेलाय.

मी त्यांच्यावर रागावू शकत नाही, म्हणून तुझ्यावर रागावते. तुम्ही दोघांनी माझ्या पोरीच्या नावाने त्यांचा जीव तारण ठेवलात आणि मला विचारलंही नाही. मी पलंगावर पडल्या पडल्या मोठ्या दवाखान्यात फोन करू शकत होते. हे धावपळ करू शकत होते. तू येऊन त्यांना नेऊ शकत होतास. मला नव्हतं सांगायचं, तर निदान ह्यांना सांगायचं होतंस. तुम्हा दोघांना एवढं सुचलं नाही? आणि वर तुझी पत्रं, इकडे हवा छान आहे, तिकडे कशी आहे!

जन्मभर तुला सांगत आले, शहाणा हो, तोंड आवर. ज्या दिवशी घर पेटवायचं होतं, नेमका त्याच दिवशी तू शहाणा झालास.

खाली काही लिहीत नाही.


३ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तू मायना गाळलास, मी गाळत नाही. मला तेवढंच धरायला उरलंय.

भाऊजींना सांगायचं मला सुचलं नाही, हे खरं आहे. दुसऱ्या कुणाला तरी सुचलं होतं, तेही सांगून टाकतो. मे महिन्यात मला राहवेना, म्हणून मी बर्फाच्या कारखान्यात जाऊन तिला सगळं सांगितलं. तिने पावतीपुस्तक मिटलं आणि म्हणाली, तुझ्या भाऊजींना कळव, आत्ता, इथल्या फोनवरून. मी भडकलो. म्हटलं, माझ्या बापाने मला शब्द मागितलाय, तुला त्यातलं काय कळतं? वजन करणाऱ्या हमालांसमोर तिला वाटेल ते बोललो. ती म्हणाली, तुझा मान मोठा की त्यांचा घसा? त्या दिवसापासून तिने माझ्याकडे पाहिलेलं नाही. त्या एका दिवशी मी भांडलो, ताई, आणि तेही चुकीच्या माणसाशी.

बाबांनी पहिल्यांदा विश्वास टाकला, याचीच मला गुंगी चढली होती. असा विश्वास कधी मोडायचाही असतो, हे मला कळलं नाही.

दुकान सोडलं. उद्या सकाळच्या गाडीने निघतो. नळीतून काय, कसं द्यायचं ते मला शिकव, ते काम आता माझं. दार उघडशील तेव्हा बाळाला भाऊजींकडे दे. मला मारायला तुला दोन्ही हात मोकळे हवेत. आणि ते बाहेर नको, बाबांच्या खोलीतच. त्यांना ऐकू दे. मीही त्यांना काय काय बोलणार आहे, आवाज गेला असला तरी त्यांनी मला हातवारे करून शिव्या द्याव्यात. त्या खोलीत आता कुणीही हळू बोलायचं नाही.

लोभाचं तू ठरव.

तुझा,
भडकू