भट्टी नम्रताच्या नावे

मी, श्रीमती सुगंधा हरिश्चंद्र धुरी, वय ७३ वर्षे, धंदा काचकाम, राहणार बांदा, तालुका सावंतवाडी, जिल्हा सिंधुदुर्ग, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर, मागची काजूची बाग व बँकेतील ठेवी मुलगा मंगेश व मुलगी गौरजा यांना समान. बागेत मधोमध दगडी गडगा घालून तिचे तुकडे करू नयेत.

२. 'धुरी काचकाम' हा कारखाना, भट्ट्या, अवजारे व नाव यांसह, सून सौ. नम्रता हिला एकटीला. याचे कारण लिहिते, म्हणजे मागाहून कोणाला शंका नको.

माझे यजमान मुंबईकडे काचेच्या कारखान्यात होते. तो बंद पडल्यावर १९८४ साली काच फुगवायची एक फुंकणी घेऊन गावी आले व काजूच्या खोपीत भट्टी बांधली. आधी कंदिलाच्या काचा केल्या. वीज आल्यावर त्या खपेनात, म्हणून देवळात टांगायच्या रंगीत हंड्या सुरू केल्या. धाकटे दीर बाबली त्यांच्याच हाताखाली शिकले. २००४ साली यजमान वारले. तेरावे झाल्यावर भाऊजी म्हणाले, "वयनी, भट्टी बायलांचो धंदो न्हय," आणि हंड्यांचे साचे उचलून जामसंड्याला गेले.

बावन्नाव्या वर्षी मी फुंकणी तोंडाला लावली. वर्षभर हंड्या वाकड्या झाल्या. वाकड्याच विकल्या.

२०१२ साली नम्रता मालवणहून सून होऊन आली. मंगेश शाळामास्तर, त्याला भट्टीची ओढ कधीच नव्हती. नम्रताला होती. तिने फुंकणी मागितली तेव्हा मी म्हणाले, "तुझा काम न्हय ता. उठ थयसून." जे ऐकून मी स्वतः जळले होते, तेच तिला ऐकवले. ही माझी चूक, आणि ती मी या कागदावर कबूल करते. ती दोन वर्षे मुकाट्याने हंड्या गवतात बांधत राहिली, पण बघत होती.

मग माझा उजवा हात भाजला आणि काम ठप्प झाले. तिसऱ्या दिवशी मी तिला हाक मारली. "नम्रता, माझो हात चलणा नाय. तू फुंकणी धरशीत?"

तिने आधी पदर खोचला. "धरतंय, आई. पण मगे कोणी माका उठ म्हणूचा नाय."

त्यानंतर कोणी म्हटलेले नाही. मोरपंखी रंग तिने बसवला, दुसरी भट्टी तिने बांधली. आज तेवीस माणसे कामाला आहेत, त्यांत सोळा बायका. आमच्या हंड्या गोव्यातल्या हॉटेलांत आणि केरळातल्या देवळांत टांगल्या आहेत.

३. २०१९ साली मोठ्या मागणीसाठी जुने साचे लागले. नम्रता मला न विचारता जामसंड्याला गेली. भाऊजी साचे घेऊन स्वतःच एसटीने आले आणि तीन आठवडे राबले. मी बोलले नाही, जेवण मात्र वेळेवर पाठवले. निघताना दारात उभे राहून म्हणाले, "वयनी, तेव्हा माझा चुकला." मी म्हणाले, "जेवान जावा." याहून जास्त मला जमले नाही. तरी भाऊजी हयात असेपर्यंत भट्टीपाशी त्यांची जागा राखावी. माझा राग गेलेला आहे, हे गौरजाने त्यांना माझ्या वतीने सांगावे.

४. दागिने मंगेश व नम्रता यांची मुलगी, माझी नात संचिता हिला. तिला समुद्रातले जीव शिकायचे आहेत. शिकू द्यावे. कारखाना घरचा आहे म्हणून तिच्या गळ्यात बांधू नये.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी गौरजाने करावी.

६. मला अग्नी नम्रताने द्यावा. मंगेशला विचारले आहे. तो म्हणाला, "आई, माका तसोय धूर सोसना नाय." हसला, मग डोळे पुसले. गावात कोणी नावे ठेवली तर सांगावे, सुगंधाने माणूस पारखून ठेवले होते. तिचा हात विस्तवापुढे कापत नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. साक्षीदारांसमक्ष सही केली.

सही: सुगंधा हरिश्चंद्र धुरी

साक्षीदार:
१. डॉ. मिहीर शिरोडकर, बांदा
२. गुरुप्रसाद परब, निवृत्त शिक्षक, बांदा

ठिकाण: बांदा
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५