मूळ प्रत कपाटातच

१ डिसेंबर २०२४, रविवार. सकाळी ६.१०

आजपासून मिनिकॉय मोहिमेस विधिवत प्रारंभ. प्रस्थान २ फेब्रुवारी. हाती त्रेसष्ट दिवस. सामान्य माणूस आदल्या संध्याकाळी बॅग भरतो आणि बेटावर पोहोचल्यावर टूथब्रश शोधत बसतो. बोईसरच्या औषध कारखान्यात एकतीस वर्षे गुणवत्ता विभाग सांभाळलेला, रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला मनुष्य असे करणार नाही.

प्रेमलाला लक्षद्वीपमधले हे बेट दाखवण्याचे वचन लग्नाच्या वर्षीचे. ती सातपाटीची. तिचे वडील तरुणपणी मालवाहू जहाजावर खलाशी होते. त्या बेटापाशी पाणी इतके नितळ आहे की तळाला पडलेला नांगर होडीतून दिसतो, असे त्यांनी तिला लहानपणी सांगून ठेवले. आपल्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभे राहिले तर स्वतःची पावले दिसत नाहीत. तिला तो नांगर पाहायचा आहे. १९९९, २००८ आणि २०१६ असे तीनदा बेत पुढे ढकलावा लागला. तिन्ही वेळा कारणे सबळ होती. त्या त्या वर्षीच्या वहीत आहेत. पुन्हा लिहीत नाही.

४ डिसेंबर

पालघरला प्रेमलाचे डोळे दाखवले. काचबिंदू. कडेची नजर गेली आहे ती परत येणार नाही, मधली किती टिकेल ते सांगता येत नाही, जे पाहायचे असेल ते लवकर पाहून घ्या, असे डॉक्टर म्हणाले. ‘लवकर’ ही कोणत्या शास्त्रातली मुदत? शिवाय रिपोर्टवर दोन ठिकाणी दोन वेगळ्या तारखा. निदर्शनास आणून दिले, दुरुस्त करून घेतले. त्यात पाऊण तास गेला. प्रेमला बाहेर बाकावर बसून होती.

रिक्षात तिने एवढेच विचारले, या खेपेस नक्की ना. मी म्हटले, या खेपेस यादी आहे.

९ डिसेंबर

यादी, आवृत्ती तिसरी. एकूण नग १४१. प्रत्येक नगापुढे चार रकाने: आवश्यक, उपलब्ध, तपासले, मंजूर.

कागदपत्रांसाठी स्वतंत्र कार्यपद्धती लिहिली. कारखान्यात नवीन माणसाला मी पहिला धडा हाच देत असे की मूळ कागद दफ्तरखान्याबाहेर जात नाही. बाहेर जाते ती शिक्का मारलेली, सही केलेली नियंत्रित प्रत. मूळ हरवले की सगळेच हरवले. पालघरहून तसा शिक्का करवून घेतला. पहिल्याची कड तिरपी, परत केला. दुसरा किंचित फिकट, परत केला. तिसरा चालेल.

१५ डिसेंबर, रविवार

मेहुणा प्रफुल्ल सातपाटीहून पापलेट घेऊन आला. यादी वाचली. आमच्या बोटीवर दहा-दहा दिवस जातात त्यांची यादी तोंडात असते, म्हणाला. तांदूळ, बर्फ, डिझेल, देवाचा नारळ. मी त्याला समजावले की तोंडी यादीला पुरावा नसतो. त्यावर तो बहिणीकडे बघून म्हणाला, “ताय, समुद्र काय भावोजींची फायल वाचून थांबनार नाय.”

प्रेमला हसली. अशिक्षित विनोदाला ती फार लवकर हसते.

२२ डिसेंबर

टोप्या: पाच मागवल्या. चार नामंजूर (काठाची रुंदी, शिवण, रंग, आणि एकीला वास). आमच्याकडे कामाला येणारी भागी डोंगराकडच्या पाड्यावरून येते. तिने चारही उचलल्या. “साहेब, टोपी चांगली हाय. डोक्याला काय कलतं तिची शिवन कशी हाय?”

प्रफुल्लची मुलगी दीपिका आली होती. काका, तुमचे आधार कार्ड फोनमध्ये घालून देते, कुठेही दाखवता येईल, म्हणाली. ठाम नकार दिला. फोनमधला कागद म्हणजे शिक्का नाही, सही नाही, आवृत्ती क्रमांक नाही. अनियंत्रित दस्तऐवज. प्रेमलाने मात्र स्वतःचे घालून घेतले. तिची पद्धत तिच्यापाशी.

२९ डिसेंबर

आमच्या इथल्या दांडी गावच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी पाण्यात चालायच्या बुटांची चाचणी. चाचणी यशस्वी, मात्र डावा बूट चिखलाने ठेवून घेतला. जाळे विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याने तिथे कोणी बूट घालून जात नाही असे मला मागाहून सांगितले. माहिती वेळेवर न देणे हा या जिल्ह्याचा स्थायीभाव आहे.

नवे बूट मागवले. नग १४२: बूट बाहेर काढण्याची काठी.

५ जानेवारी २०२५, रविवार

आज एक गंभीर बाब उघड झाली. जहाज बेटाला थेट लागत नाही. दूर थांबते. मग बाजूला छोटी होडी येते, आणि लाट होडीला वर उचलेल त्या क्षणी जहाजाच्या दारातून तिच्यात पाय टाकायचा. असे प्रफुल्लने सांगितले, आणि माहितीपत्रकातही आहे.

मला भीती वगैरे नाही. पद्धत सदोष आहे, एवढेच. पाय टाकण्याचा क्षण कोण ठरवणार? नोंद कोण ठेवणार? चार पानी सूचनापत्र तयार केले. कोणाला पाठवायचे ते निश्चित नाही.

रात्रीचे जेवण अर्धे सोडले. वांगे कडू होते.

१२ जानेवारी, रविवार

प्रफुल्लच्या आग्रहावरून सातपाटीच्या धक्क्यावर प्रात्यक्षिक ठरले. त्याची छोटी होडी धक्क्याला हलत होती. प्रेमलाने साडी खोचली आणि जाऊन बसली. चपला काढल्या हेसुद्धा मला दिसले नाही, इतक्या चटकन. एकसष्टाव्या वर्षी.

मी लाइफ जॅकेट तपासले. उत्पादनाची तारीख पुसलेली. मुदत संपल्याची तारीख छापलेलीच नाही. अशा साधनावर मी प्रात्यक्षिक करू शकत नाही, हे स्पष्ट केले. प्रफुल्लने दोन्ही हात पुढे केले. “भावोजी, जाकीट ऱ्हाऊ द्या. मी धरतंय. तुमी फक्त पाय उचला.”

मासळीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांचे बोलणे थांबले. त्यांना दुसरे काम नसावे.

अटी पूर्ण न झाल्याने प्रात्यक्षिक स्थगित. प्रेमला होडीतून उतरली, चपला घातल्या, आणि चालू लागली. घरी आल्यावर औषधाचे थेंब तिने स्वतःच घातले. एरवी मी मोजून घालतो.

२१ जानेवारी

बेटावर जायचे परवाने आले. तिकिटेही आली. तिकिटामागच्या अकरा सूचना वाचल्या, तीन ठिकाणी वाक्यरचना अपुरी. दोन्ही तिकिटांवरच्या सर्व सूचना पट्टी धरून लाल शाईने अधोरेखित केल्या. वाचनाची ही माझी जुनी सवय.

प्रेमला विचारत होती, त्या होडीबद्दल आता काय ठरवले आहे. मी म्हटले, ती बाब विचाराधीन आहे.

२७ जानेवारी

माझी बॅग अठरा किलो. प्रत्येक नगाला चिठ्ठी. प्रेमलाची बॅग बारा मिनिटांत भरून झाली: चार साड्या, एक चादर, डोळ्यांचे थेंब, सुक्या बोंबलाची पुरचुंडी. यादी विचारली तर म्हणाली, झाले की.

गेले तीन दिवस झोप नीट नाही. हवामान.

१ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ४

प्रेमलाने आमच्या दोघांची मूळ ओळखपत्रे आणि मूळ परवाने एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, रबर लावून, तिच्या पर्समध्ये ठेवले होते. साडीच्या दुकानाची पिशवी! तिच्या देखत माझे कागद बाहेर काढले, छायाप्रती केल्या, शिक्का, सही, तारीख. मूळ संच पाकिटात घालून लाखेने मोहोरबंद करून लोखंडी कपाटात. तिचेही मागितले. “माझे कागद माझ्यापाशी राहू द्या,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिली. नजर कमी झाल्यापासून तिला एखाद्या गोष्टीकडे नीट बघायला वेळ लागतो.

यादी पूर्ण. १४२ पैकी १४२ मंजूर. एवढी निर्दोष तयारी या जिल्ह्यातून कोणी केली नसेल.

२ फेब्रुवारी. वसई रोड स्थानक

गाडी अठ्ठावीस मिनिटे उशिरा. बाकी सर्व नियोजनाप्रमाणे. पोहोचवायला प्रफुल्ल आला होता. मला म्हणाला, आता डोळे मिटून जा भावोजी. प्रेमलाच्या नुसता पाठीवर हात ठेवला.

४ फेब्रुवारी. कोची बंदर. सकाळी ११.३०

तपासणीच्या खिडकीवर एक तरुण बाई. माझ्या नियंत्रित प्रती तिने उलटसुलट पाहिल्या. शिक्क्यावरून बोटही फिरवले, तेवढे मला बरे वाटले. मग म्हणाली, ओरिजिनल.

मी तिला दस्तऐवज नियंत्रणाचे तत्त्व इंग्रजीत सांगितले. मागच्या रांगेनेही ऐकले. ती म्हणाली, ओरिजिनल. फोनमध्ये आहे का, असेही तिने विचारले. मी नाही म्हटले. दीपिकाला फोन लावून आत्ता काही होईल का, असे प्रेमलाने विचारायला हवे होते. तिने विचारले नाही. मीही सुचवले नाही. घाईत केलेल्या कामात चुका होतात.

वरिष्ठांना भेटलो. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिले, नियम दाखवला. नियम बरोबर होता. त्याची मांडणीसुद्धा चांगली होती.

प्रेमलाने पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली, रबर मनगटात घातले, आणि तिचे कागद दोन मिनिटांत तपासून झाले. मी म्हटले, आपण परत जाऊ, मार्चमध्ये नव्याने अर्ज करू, मी आवृत्ती चौथी तयार करतो.

“तुम्ही विसरला नाहीत,” ती म्हणाली. “ठेवून आलात.”

आवाजात राग नव्हता. तिने माझ्या बॅगेतून टोपी घेतली, मंजूर झालेली एकमेव, स्वतःच्या डोक्यावर ठेवली, आणि बसमध्ये चढली. बस जहाजापर्यंत जाते. पायरी चुकेल म्हणून मी हात पुढे केला होता. तिने दांडा धरला.

४ फेब्रुवारी. सायंकाळी ६

बंदराजवळचा लॉज. जहाज नियोजित वेळेनंतर चाळीस मिनिटांनी सुटले. तक्रार लिहायला घेतली. पहिल्या वाक्यापुढे गेली नाही.

६ फेब्रुवारी

बॅग उघडून सर्व नग तपासले. एकशे एकेचाळीस. टोपी वगळता सर्व जागेवर. खोलीत पाण्यात चालायचे बूट घालून पाहिले. उत्तम बसतात.

फोन लागत नाही. होडीत पाय टाकताना तिला डावीकडचे दिसत नाही, हे तिथे कोणाला माहीत असेल का? सूचनापत्रात हा मुद्दा नव्हता.

९ फेब्रुवारी, रविवार. कोची, लॉज

परत आली. चेहरा उन्हाने रापलेला. मी विचारले, होडीत कशी उतरलीस. लाट वर आली तेव्हा पाय टाकला, म्हणाली. नांगर? दिसला. दोन दिवस रोज जाऊन बघितला. शेजारी केरळची एक बाई होती, तिला हात धरून दाखवला. तिची भाषा हिला येत नव्हती, हिची तिला.

“गंजलेला होता,” ती म्हणाली. “तुम्ही असतात तर तक्रार लिहिली असती.”

आणि ती हसली. मीही हसलो. मग तिने डोळ्यांत थेंब घातले, स्वतःच, आणि पडून राहिली.

१२ फेब्रुवारी. बोईसर

भागीने विचारले, साहेब, बेट कसं हाय. मी म्हटले, व्यवस्थित आहे. चारातली एक टोपी परत हवी का, म्हणाली. सध्या घरातले सगळे वालाच्या वावरात टोप्या घालून जातात, पण एक काढून देईन. नको म्हटले.

दुपारी विचलन अहवाल लिहिला. कारखान्याच्या पद्धतीने, मूळ कारण सापडेपर्यंत पाच वेळा ‘का’ विचारायचे.

जहाजात प्रवेश का मिळाला नाही? मूळ कागद सोबत नव्हते.

सोबत का नव्हते? कपाटात होते.

कपाटात का होते? पिशवीतून काढून ठेवले.

का काढले? कार्यपद्धतीनुसार.

इथे प्रेमलाने चहाबरोबर तिचे वापरलेले तिकीट टेबलावर आणून ठेवले आणि आत गेली. पाठीमागची बाजू वर. सूचना क्रमांक चार: प्रवाशाने मूळ ओळखपत्र व मूळ परवाना सोबत ठेवणे अनिवार्य. खाली माझी लाल रेघ. पट्टीने मारलेली, अगदी सरळ. २१ जानेवारीची.

वाचूनही का काढले?

चहा थंड झाला. पाचव्या रकान्यात एक शब्द लिहिला, ५ जानेवारीच्या नोंदीत मी नाकारलेला. मग खोडला. आमच्या व्यवसायाचा नियम असा की चुकलेला मजकूर गिरवून काळा करायचा नाही, पांढरी शाई लावायची नाही. एकच आडवी रेघ मारायची, शेजारी सही आणि तारीख घालायची, आणि खालचा मूळ शब्द वाचता आला पाहिजे.

रेघ मारली. सही केली. तारीख घातली.

वाचता येतो.