सानिकाचे डोळे

सोम. ७ जुलै
डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलते. म्हणाले, डोळे कोरडे पडलेत. "दिवसाला नऊ तास मोबाईलवर लेक्चर बघतीस, पापणी मिटायचं विसरतीस. आता दोनच तास." थेंब दिले. बाटली आपली आपणच वापरायची, दुसऱ्याला द्यायची न्हाय. रविवारी क्लासची टेस्ट, वरच्या बॅचला एकच जागा राहिलीय. दोन तासांत काय डोंबल होणार?

मंगळ. ८
रूमवर आम्ही दोघीच, मी नि सानिका. मी कॉटवर डोळे मिटून, ती टॅबवर दुप्पट स्पीडनं. पेठ वडगावच्या दुकानदाराची लेक, टॅब न मागता मिळालेला. माझ्याकडं दादाचा जुना फोन, काच तडकलेली. ती माझ्यापेक्षा जास्त वेळ बघते, मग माझेच डोळे का? जळफळाट होतोय नुसता. हो, जळते मी. इथं तरी खरं लिहिते.
तिला सांगितलं, डॉक्टर म्हणाले ॲलर्जी हाय. तर म्हणते, "ऋतू, तू पडून ऱ्हा. मी वाचून दाखवते की नोट्स." चांगली वागली की जास्तच डोकं फिरतं माझं.

गुरु. १०
सानिका आरशात डोळा ताणून बघत होती. "वाळू गेल्यागत टोचालंय गं. तुला असंच व्हायचं न्हवं?"
म्हणलं, "माझी ॲलर्जी. तुझी झोप कमी पडली असंल. गार पाणी मार."
मारलं. परत टॅब.
थेंबांची बाटली उशीखाली सरकवली. दुसऱ्याला द्यायची न्हाय म्हणालेत, खरंच म्हणालेत. पण डॉक्टरकडं जा म्हणायला कुणी अडवलंतं?

शनि. १२
हुपरीला घरी. आई दिव्याच्या ज्योतीवर चांदीच्या पैंजणाला घुंगरू जोडत बसलेली. माझं सगळं ऐकून घेतलं आणि हसली. "एक घुंगरू बसलं की डोळं मिटायचं, मग दुसरं उचलायचं. कामाला बसले तवा पयलं हेच शिकवलं मला, जोडायचं मागनं. तू एक प्रश्न झाला की मिट." डबा भरून दिला. "सानीला पण सांग गं."
सांगते म्हणलं. एसटीत ठरवलं पण होतं. रूमवर आले तर ती लालबुंद डोळ्यांनी, "तू नसताना सहा लेक्चर उडवली!"
सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मीच ठेवलं.

रवि. १३
टेस्ट. एक प्रश्न, एक मिटणं. जमलं की! सानिका पुढच्या बाकावर, सारखी ओढणीनं डोळे पुसत. बाहेर आल्यावर म्हणाली, "शेवटची पानं नुसती धुरकट. आकृत्याच कळंनात."
वाईट वाटलं. आणि बरं पण वाटलं. दोन्ही एकदम.

मंगळ. १५
जागा मला मिळाली. तिच्यापेक्षा चार मार्क जास्त. क्लासमध्ये सगळ्यांच्या आधी तीच ओरडली, "मारलंस की गं!" येताना जिलेबी घेतली, तिनंच.
आत्ता खाता खाता तिनं अर्धी जिलेबी खाली ठेवली. मग म्हणाली, "डोळ्यांचं घरी सांगितलं, तर त्यांना वाटतंय मी टॅबवर टाइमपास करते. ऋतू, मला आता फळ्यावरचं पण दिसंना. तुला डॉक्टर काय म्हणालते, सगळं नीट सांग की."
"सांगते. आधी हात धुऊन ये, चिकट झालेत."
गेली. औषधाची चिठ्ठी जीवशास्त्राच्या पुस्तकात होती, काढून मांडीवर ठेवलीय. डोळे कोरडे, मोबाईल कमी, सगळं लिहिलंय डॉक्टरांनी. ॲलर्जी कुठंच न्हाय. वर तारीख, ७ जुलै. गुरुवारी मी काय लपवलं ते तिला चिठ्ठी बघूनच कळणार.
नळ बंद झाला.