स्पॅनिशच्या वहीतलं खोडलेलं नाव

प्रिय सर,

तुम्हाला जाऊन महिना झाला. काल काकूंनी माझी स्पॅनिशची वही तुमच्या जळकोटच्या घरून पाठवली, म्हणून लिहितोय. नाहीतर तुमच्यावरचा राग मी सोडणार नव्हतो.

कर्मणी प्रयोगाचा तो रविवार आठवतो? तुमच्या ओसरीवर आम्ही सहा जण. 'ला पुएर्ता फुए आबिएर्ता', म्हणजे दार उघडलं गेलं. तुम्ही म्हणालात, "दार तिकडं स्त्रीलिंगी. त्याऐवजी पुल्लिंगी पुस्तक घेतलं की 'आबिएर्तो'. खिडकी उघडली गेली, दरवाजा उघडला गेला, आपल्यासारखंच की रे!" करणारा सांगायचा तर पुढं 'पोर', म्हणजे आपलं 'कडून', लावायचं.

"आन् सांगायचाच नसंल तर?" वर्षानं विचारलं.

"मग गाळायचा. बातम्यांत लई चालतं तसं."

सगळे हसले. मी तिच्याकडंच बघत होतो. आणि वहीत काय लिहिलं? 'वर्षा एस आमादा पोर मी.' वर्षावर माझ्याकडून प्रेम केलं जातं!

चार दिवसांत तिच्या वडलांनी तिचा क्लास बंद केला. माझी वही तुमच्याकडंच राहिलेली. दुसरं कोण सांगणार? नळदुर्गच्या स्टँडवर सगळ्यांदेखत मी तुम्हाला चुगलखोर म्हणालो. तुम्ही एवढंच म्हणालात, "आवाज खाली कर. तिचं नाव इथं घेऊ नको." मला ती कबुलीच वाटली. त्याच तिरीमिरीत कॉलेजही सोडलं.

आता वही उघडली, तर तिचं नाव काळ्या शाईनं असं गिरबटलंय की मागच्या पानावर उमटलंय. शेजारी तुमचं अक्षर : "वाक्य बरोबर. पण प्रेमाचं असं कुणी बोलत नाही. सरळ तिलाच विचार." आणि खाली हिरव्या पेनाची टिक. आमच्यातल्या बजरंगची, तिच्या मामेभावाची! तुम्ही तपासायच्या आधी आम्हाला एकमेकांच्या वह्या तपासायला लावायचात, हे मी विसरलोच कसा? म्हणजे नाव खोडायच्या आधीच त्यानं ते वाचलेलं.

की ही खाडाखोड तुम्ही नंतर केलीत, अंग काढून घ्यायला? बघा, अजून शंका येते. 'मी न्हाय सांगितलं' एवढं तरी का बोलला नाहीत, सर? बजरंगला वाचवत होता व्हय?

गाडीला किक मारून त्याच्या दारात जावं, असं सकाळपासून वाटतंय. जाणार आहे. पण वचन देतो : आधी विचारीन, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत तोंड उघडणार नाही. तुमचं तेवढंही ऐकून घेतलं नव्हतं.

तुमचा,
किरण