जेम्सचा टायगर

७ मार्च १९९९, रविवार

चावला! शेवटी चावलाच मेला. चर्चमधल्या मिस्सेहून आले, विहिरीकडे वळले, तर जेम्सच्या टायगरने पोटरीच धरली. कॅरल धावली म्हणून सुटले. तिनेच साबणाने जखम धुतली, तिनेच रिक्षाने सरकारी दवाखान्यात नेलं. भावजय असून बहिणीसारखी! आणि पाठचा भाऊ जेम्स? ओट्यावर पाय पसरून म्हणतो — "बाय, तूच काहीतरी केलं असशील त्याला."

पोटात सुया घ्यायच्या आता.

९ मार्च

मी काय केलं? पिल्लू होता तेव्हा माझ्याच पायाशी झोपायचा. पप्पा गेले, केळीची वाडी आम्हा दोघांच्या नावावर झाली. जेम्सला ती बिल्डरला द्यायची आहे, मी सही देत नाही. तेव्हापासून अबोला, बोललाच तर टोमणा. तेव्हापासूनच टायगर साखळीला — नेमका माझ्या दारासमोर. साखळी मात्र विहिरीपर्यंत पोचेल एवढी लांब!

१२ मार्च, शुक्रवार

ईस्टरआधीचा उपवासकाळ. जेम्स मांसाला शिवत नाही, म्हणून कुत्र्यालाही नुसती पेज. बरगड्या वर आल्यात. भुंकला की लाथ, नाही भुंकला तरी लाथ. आणि संध्याकाळी हाच माणूस क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला सगळ्यांच्या पुढे, डोळे मिटून! किळस आली. प्रार्थनाच सुचेना.

१४ मार्च

शेजारच्या आल्बिना मावशी आल्या होत्या. "मला तर काही करत नाही गो, हात चाटतो." दूधवाल्याला काही नाही. पोस्टमनला नाही. मग मलाच का?

चर्चबाहेर जेम्स चारचौघांत म्हणाला, "कुत्र्याला माणूस बरोबर कळतो." सगळे हसले. रोज कोमुन्योचा प्रसाद घेणारे लोक! मी लंगडत घरी.

१७ मार्च

सुई. फार दुखतं. कॅरलने सूप आणून दिलं.

२० मार्च, शनिवार



शाळेतले माझे तास लवकर संपले. केळींमागून केकाटणं ऐकू आलं, म्हणून डोकावले. जेम्सच्या हातात काठी. काठीला माझा जुना निळा गाऊन बांधलेला. तो कुत्र्याच्या नाकावर घासायचा, मग फटके. पुन्हा घासायचा, पुन्हा फटके. टायगर भीतीने मुतला. शेवटी उलटून गाऊनला चावला, टराटरा फाडला — तेव्हा जेम्सने मटणाचा तुकडा टाकला. "शाब्बास!"



शिकवत होता! माझा वास शिकवत होता त्याला! आणि मी त्या मुक्या जिवाला शिव्या घालत बसले.

२१ मार्च

सकाळी कॅरलला गाठलं. जे पाहिलं ते सगळं सांगितलं. पोलिसांत जाते म्हटलं, तू साक्षीला ये. ती मासे साफ करत होती. मान वर केली नाही.

"गाऊन मीच काढून दिला, बाय. सही करून टाक ना."