माणसाच्या मापाची झूल

चांदूर बाजार मुक्कामी आदरणीय व्याही वामनरावजी यांना बार्शीटाकळीहून नत्थुजीचा वाकून रामराम (वाकल्यावर उठायला हल्ली जरा वेळ लागतो, तेवढा धरून घ्यावा). विहीणबाई गोदाबाईंचा गुडघा कसा आहे? जावईबापू शिवमराव यांचा खोकला गेला का? मृग बहाराची संत्री एव्हाना उतरली असतील. आमच्याकडे सर्व ठीक. मंजुषाच्या आईचा, म्हणजे आमच्या पार्बताबाईंचा, रक्तदाब उतरला आहे आणि माझी छाती दोन इंच वाढली आहे. ही दुखण्याची बाब नव्हे, कारण सविस्तर लिहितो. पत्र शुद्ध भाषेत लिहीत आहे. चौथीत मला शुद्धलेखनात दहापैकी आठ होते (उरलेले दोन गुरुजींच्या चुकीने गेले).

आपणास ठाऊकच आहे की मी चाळीस वर्षे बैलांच्या झुली शिवतो. गेल्या पोळ्याला नेहमीप्रमाणे दुकानाबाहेर झुली टांगून बसलो होतो. बैलवाले कमी आणि झुलीच्या सावलीत उभे राहणारे ट्रॅक्टरवालेच जास्त. तेवढ्यात अमरावतीच्या आरतीताई आल्या. या चित्रकलेच्या शिक्षिका. त्यांनी एक लाल झूल हातात घेतली, आरशाच्या टिकल्या मोजल्यासारखे केले, आणि सरळ स्वतःच्या खांद्यावर पांघरून विचारले, "काका, अशी माणसासाठी शिवाल का?" मला वाटले बाईंना ऊन लागले. मी पाणी दिले. त्यांनी पाणी पिऊन तोच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा कळले की फेब्रुवारीत अमरावतीला सहा कलावंतांचे प्रदर्शन भरणार होते, आणि प्रत्येकाने अंगावर घालता येईल असे एक वस्त्र आणि एक दागिना करायचा होता. पाच जण कॉलेजात शिकलेले होते आणि सहावा मी. (निमंत्रणपत्रिकेत नावे वयाने लावली, त्यामुळे मी पहिला. पत्रिका सोबत जोडली आहे, जपून ठेवावी.)

तीन महिने खपलो, व्याही. लाल मांजरपाट, पिवळी किनार, चारी बाजूंनी लोकरीचे गोंडे, मधोमध कवड्यांचा सूर्य. पार्बताबाई म्हणाल्या, "पोरीच्या लग्नात एवढं नाही नटवलं तुमी कोनाले." आरतीताई पाहायला आल्या, त्यांनी झूल अंगावर घातली आणि पाठीमागे हात नेऊन म्हणाल्या, "काका, ही पिशवी कशाची?" मी म्हटले, "वशिंडाची." चाळीस वर्षांत माझ्या हाताने वशिंडाची जागा न सोडता झूल कधी बेतलीच नव्हती; हाताने आपले काम केले, डोक्याला विचारले नाही. आरतीताई हसता हसता खाटेवर बसल्या. सगळी उसवली, पुन्हा बेतली, आणि या वेळी पार्बताबाईंना समोर उभे करून माप घेतले. (लग्नाला बेचाळीस वर्षे झाली, त्यांच्या खांद्यांची रुंदी मला त्या दिवशी कळली. चांगली रुंद आहे.)

नेण्याचा प्रसंग तर सांगण्यासारखा आहे. पार्बताबाईंना घेऊन अकोल्याहून अमरावतीची एसटी धरली. झूल, त्यावर पितळेची सात किलोची घुंगरमाळ, असे गाठोडे. कंडक्टर म्हणाला, "काका, याचं सामानाचं तिकीट लागन." मी म्हटले, हे सामान नव्हे, कपडा आहे. तो म्हणाला, "कपडा हाये त मंग घाला." वामनरावजी, मी मागे हटणारा माणूस नव्हे. घातला. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत कवड्यांचा सूर्य पाठीवर घेऊन उभा होतो, कारण बसले की घुंगरू मांडीत रुतत. मूर्तिजापूरला एक म्हातारबाबा चढले. त्यांनी गोंडे हातात घेऊन पाहिले आणि विचारले, "कोनं शिवली हे?" मी म्हटले, मीच. ते म्हणाले, "माह्या ढवळ्याले अशी होती, बाप्पा." आणि स्वतःची खिडकीची जागा देऊ लागले. मी बसलो नाही, पण पुढचा रस्ता मला रुंद वाटला.

प्रदर्शनात मोठा दिवाणखाना, दिवे, अमरावतीची शिकलेली मंडळी. प्रत्येक वस्त्र घालून एकेका मुलीने सर्वांसमोर चालून दाखवायचे होते. माझी झूल घालणारी मुलगी गोड होती, पण काडीसारखी. घुंगरमाळ गळ्यात पडताच ती खाली बसली आणि उठेचना. आरतीताई घामाघूम. तेव्हा मागच्या खुर्चीवरून पार्बताबाई उठल्या आणि म्हणाल्या, "द्या इकडं. कापसाचे गाठोडे वाह्यले म्या, याचं काय?" नऊवारीवर झूल घेतली, घुंगरमाळ चढवली, आणि चालल्या. जी बाई चार माणसांत बोलताना पदर तोंडाशी धरते, ती मान वर करून, एकेक पाऊल टाकत, त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. घुंगरांशिवाय आवाज नाही. मग लोक खुर्च्यांवरून उठून उभे राहिले. माझ्या डोळ्यांत लोकरीचे तंतू गेले असावेत.

सर्वांत जास्त गर्दी मात्र दागिना म्हणून झुलीवर घातलेल्या हाराभोवती झाली. सरकीचा एकेक दाणा रंगवून, भोवती तांदळाएवढे सुती गोंडे बांधून केलेला हार. नागपूरहून आलेल्या, मोठी प्रदर्शने भरवणाऱ्या एक बाई चष्मा वर करून तो पाहतच राहिल्या. आमच्याच घरचे काम, असे मी त्यांना सांगितले. कळावे, लोभ आहेच, तो असाच राहावा, ही विनंती.

आपला,
नत्थुजी (कलावंत)

ता. क. तो हार मी केलेला नाही. माझ्या बोटांना पोती शिवायच्या दाभणापेक्षा बारीक सुई आता धरवत नाही. तो आपल्या सुनेने, आमच्या मंजुषाने, आपल्याच घरी, दुपारी आपण वामकुक्षी घेत असताना केला आणि पापडाच्या डब्यातून पाठवला. चोरून केला, कारण लग्नाच्या पंगतीत आपण म्हणाला होतात की आमच्या सुनेला बैलाचे कपडे शिवावे लागणार नाहीत. आपण हसत म्हणालात, मीही हसलो. तिने दोघांचेही खरे मानले.

दुसरा ता. क. 'आमच्याच घरचे काम' म्हटल्यावर पार्बताबाईंनी माझ्याकडे अशी मान वळवली की घुंगरू वाजले. म्हणून मी मोठ्याने सांगितले, की हार माझ्या लेकीने, म्हणजे चांदूर बाजारच्या वामनरावजींच्या सूनबाईंनी केला आहे. टाळ्या वाजल्या. त्यातल्या निम्म्या आपल्या. नागपूरच्या बाईंनी तिला एप्रिलात पंधरा दिवस काम करायला बोलावले आहे. राहण्याची सोय बायकांच्या वसतिगृहात आहे. तिला जाऊ द्यावे. पत्र लिहिण्याचे कारण एवढेच होते, बाकीचे लिहिता लिहिता झाले.

तिसरा ता. क. मी हे लिहिले, ते मंजुषाला ठाऊक नाही. नाही म्हणायचे असेल तर मला फोनवर म्हणा, तिला काही कळू देऊ नका, मी ऐकून घेईन. हो म्हणायचे असेल तर तुम्हीच तिला बोलवा आन् सांगा, जा बाई, म्याच ठरवलं हाये. माझं नाव काढू नका. तिले वाटू द्या का सासऱ्याले समजलं.